गुडघ्यातला पीव्हीएनएस, गॅडोलिनियमचं इंजेक्शन आणि लॅबमधलं युरोपियम: सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणारी मुलगी केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, वय २७, युरोपियम आणि टर्बियमचे चमकणारे कॉम्प्लेक्स बनवते. उजवा गुडघा वर्षभर अधूनमधून सुजतोय, दोनदा पाणी काढलं तर ते तपकिरी निघालं, एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय पीव्हीएनएस असावा, टीबी नाही ना ते बघा, आणि गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट देऊन परत एमआरआय करा. तिला पाच गोष्टी विचारायच्यात: हा कॅन्सर आहे का, लॅबमधल्या धातूंमुळे झालं का, सुटं गॅडोलिनियम विषारी असतं हे मला माहितीय मग ते शिरेत कसं घेऊ, ऑपरेशन दुर्बिणीने करायचं की उघडून, आणि कुणीतरी रेडिएशनचं इंजेक्शन नाहीतर गोळ्या म्हणालं त्याचं काय.

मी गेली बावीस वर्षं गुडघ्याचीच ऑपरेशनं करतो, आणि आमच्या घरी बायको इनऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे लँथेनाइड, म्हणजे युरोपियम, गॅडोलिनियम, टर्बियम ज्या धातूंच्या कुळातले, हा शब्द आमच्या जेवणाच्या टेबलावर गेली वीस वर्षं आहे. म्हणून या प्रश्नाला नीट बसून उत्तर लिहितोय. लांबेल, पण घाई करू नका, सगळं वाचा.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. पीव्हीएनएस म्हणजे पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस, आणि तो कॅन्सर नाही. आता त्याला टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर म्हणतात, त्यातला ट्यूमर शब्द वाचून घरचे घाबरतात, आई रडायला लागते, पण ट्यूमर म्हणजे गाठ, आणि सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात. ही साधी गाठ आहे, अंगभर पसरत नाही, हिच्यामुळे जीव जात नाही. हिचं कॅन्सरमध्ये रूपांतर झाल्याच्या केसेस जगभरात आहेत पण इतक्या विरळ की तुम्ही त्यावर झोप घालवू नका. पण साधी आहे म्हणजे बिनत्रासाची आहे असं मात्र नाही हां. गुडघ्याच्या आतून जे पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम, ते जाड होतं, त्याला झालरीसारखे कोंब फुटतात, त्यातून थोडं थोडं रक्त येत राहतं, आणि वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर ते कूर्चा आणि हाड आतून कुरतडतं. तिशीतल्या माणसाचा गुडघा पासष्टीचा झालेला मी पाहिलाय, तोही फक्त पाणी काढत बसल्यामुळे.

हा आजार खरंच दुर्मिळ आहे. जुन्या अमेरिकन पाहणीत दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण २ नवे पेशंट असा हिशोब निघाला होता, नंतरच्या पाहण्यांमध्ये थोडा जास्त निघतो. वीस ते पन्नास हे वय, आणि पसरलेला प्रकार असेल तर बहुतेक वेळा गुडघाच. त्यामुळे साध्या ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरने आख्ख्या आयुष्यात एकही पाहिलेला नसेल तर त्यात त्याची चूक नाही. १९४१ साली जॅफी, लिक्टेनस्टाइन आणि सुत्रो यांनी याला हे लांबलचक नाव दिलं आणि त्यांना वाटत होतं की ही एक प्रकारची सूज आहे, म्हणून नावात सायनोव्हायटिस आलं. पुढे कित्येक दशकं भांडण चालू होतं की ही सूज की गाठ. २००६ साली स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की यातल्या काही पेशींमध्ये पहिल्या क्रोमोसोमवरचा सीएसएफ-१ नावाचा जीन तुटून दुसऱ्या क्रोमोसोमवरच्या कोलॅजनच्या जीनला जाऊन चिकटलेला असतो, आणि त्यामुळे त्या पेशी सीएसएफ-१ हे प्रोटीन भरमसाट बनवत बसतात. गंमत अशी की गाठीतल्या खऱ्या बिघडलेल्या पेशी शंभरात दोन ते सोळाच असतात, बाकीची सगळी गर्दी म्हणजे त्या सीएसएफ-१ च्या हाकेला धावून आलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे आपल्याच शरीरातल्या सफाई कामगार पेशी. मोजक्या पेशी हाका मारतात आणि बाकीचे जमतात. हे लक्षात ठेवा कारण शेवटी गोळ्यांचं बोलायचंय तिथे हेच उपयोगी पडणार आहे.

आता तुमच्या लॅबचा प्रश्न. युरोपियममुळे झालं का. नाही. एक पेशी बिघडते, तिच्यात तो जीन तुटून दुसरीकडे जोडला जातो, हे का होतं ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही, पण लँथेनाइडच्या क्षारांशी काम करणाऱ्यांना हा आजार होतो असं काही दिसलेलं नाही, आणि तुम्ही हातात ग्लोव्ह घालून काही मिलिग्रॅम युरोपियम क्लोराइड वजन करता त्यातून ते उजव्याच गुडघ्यात जाऊन बसेल असा काही मार्ग नाही. मार लागल्यामुळे होतं असंही जुन्या पुस्तकात लिहिलेलं सापडेल, तेही सिद्ध झालेलं नाही. उलट मी तुम्हाला सांगेन की लॅबमध्ये काळजी घ्यायचीच असेल तर सॉल्व्हंटची घ्या, क्लोरोफॉर्म आणि डीएमएफ हुडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, बाहेर उघडू नका, आणि ३६५ नॅनोमीटरचा तो जांभळा दिवा लावून व्हायल बघताना चष्मा घाला, डोळे उघडे ठेवून बघण्याची सवय सगळ्यांना असते आणि ती वाईट आहे.

तरी तुमच्या मनात हे का आलं ते मला कळतंय. रिपोर्टवर गॅडोलिनियम वाचलं आणि ते तुमच्या पिरिऑडिक टेबलमध्ये युरोपियम आणि टर्बियमच्या बरोबर मध्ये बसलेलं आहे, ६३, ६४, ६५. तर त्याबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण इथे तुम्हाला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं आणि अर्धवट कळण्यातूनच भीती येते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. युरोपियमचं कॉम्प्लेक्स जांभळ्या दिव्याखाली लालभडक दिसतं, ६१५ नॅनोमीटरच्या आसपास, आणि टर्बियमचं पोपटी हिरवं, ५४५ ला. पहिल्यांदा बायकोने मला घरी लाइट गेलेले असताना छोट्या बाटलीतलं युरोपियमचं ते कॉम्प्लेक्स दाखवलं तेव्हा मला वाटलं आत निखारा आहे. खरं म्हणजे हे धातू स्वतःहून प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत, त्यांच्या आतल्या ४एफ कवचातल्या इलेक्ट्रॉनना वर उडी मारायला नियमाने मनाईच आहे. मग १९४२ साली वाइसमन नावाच्या माणसाने पाहिलं की धातूभोवती योग्य सेंद्रिय रेणू गुंडाळला तर तो रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा धातूला देतो, आणि मग धातू चमकतो. घरावर अँटेना लावतो तसं, म्हणून त्याला अँटेना इफेक्टच म्हणतात. आणि ही चमक मिलिसेकंदभर टिकते, बाकीच्या साध्या रंगद्रव्यांची नॅनोसेकंदात विझते. हा फरक आमच्या मेडिकलमध्ये फार कामाचा आहे. रक्ताचा नमुना स्वतःच थोडा चमकत असतो आणि त्या गोंधळात मोजायचं ते हरवतं, पण युरोपियमचा लेबल लावला तर दिवा मारून काही शे मायक्रोसेकंद थांबायचं, रक्ताची चमक विझू द्यायची, आणि मग फक्त युरोपियमचा लाल प्रकाश मोजायचा. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९८० च्या दशकात ही पद्धत उभी राहिली, आणि नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात टीएसएच मोजायला ती वापरली गेली, म्हणजे ज्या बाळांची थायरॉइड चालत नाही ती वेळेवर सापडून मतिमंद होण्यापासून वाचली. तुमचं पीएचडीचं काम फक्त शोभेचं आहे असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

आता मधला भाऊ, गॅडोलिनियम. ते दिसेल असं चमकत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, त्याची पहिली वरची पायरीच इतकी उंच आहे की प्रकाश निघाला तरी ३११ नॅनोमीटरला, अतिनील. म्हणून तर तुम्ही लोक लिगँडची, म्हणजे धातूभोवती गुंडाळलेल्या त्या रेणूची, ट्रिपलेट एनर्जी मोजायची असली की त्याचं गॅडोलिनियमचं कॉम्प्लेक्स बनवून लिक्विड नायट्रोजनमध्ये थंड करून मोजता, कारण गॅडोलिनियम ती ऊर्जा घेत नाही. पण त्याच्याकडे सात एकटे इलेक्ट्रॉन आहेत, सातही कवचात एकाच दिशेने, आणि त्यामुळे जवळून जाणाऱ्या पाण्याच्या रेणूंना ते असं हलवतं की एमआरआयमध्ये ती जागा पांढरी उजळ दिसते. ज्या जागी रक्तपुरवठा जास्त तिथे ते जास्त पोचतं आणि तिथे उजळतं, बस इतकंच तत्त्व.

आणि इथे एक गोष्ट जी मला फार आवडते. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये पाण्याचा रेणू धातूला चिकटला की चमक मरते, ओ-एचच्या कंपनात ऊर्जा वाया जाते, म्हणून तुम्ही लोक फेनँथ्रोलिन लावून पाण्याला बाहेर हाकलता. कॉन्ट्रास्टमध्ये उलटं. डोटा नावाचा पिंजरा गॅडोलिनियमला आठ बाजूंनी पकडतो आणि नववी जागा मुद्दाम एका पाण्याच्या रेणूसाठी मोकळी सोडलेली असते, तो रेणू येतो, जातो, दुसरा येतो, सेकंदात लाखो वेळा, आणि त्या येण्याजाण्यातूनच चित्र उजळतं. तुम्हाला नको असलेलं पाणीच आम्हाला हवं असतं.

तर सुटं गॅडोलिनियम विषारी, बरोबर, त्याचा आकार कॅल्शियमच्या जवळपास असल्यामुळे ते कॅल्शियमच्या वाटा अडवतं. पण शिरेत जातं ते सुटं नाही, पिंजऱ्यातलं जातं. पिंजरे दोन तऱ्हेचे. सरळ साखळीचे, म्हणजे लिनिअर, डीटीपीए वगैरे, १९८८ साली बाजारात आलेलं पहिलं औषध याच जातीचं. आणि गोल कड्याचे, मॅक्रोसायक्लिक, गॅडोटेरेट नाहीतर गॅडोब्युट्रॉल. साखळी उलगडू शकते, कडं उलगडायला फार वेळ लागतो, हे तुम्हाला कायनेटिक्स शिकवायची गरज नाही. २००६ साली लक्षात आलं की ज्यांच्या किडन्या जवळपास बंद आहेत अशा पेशंटमध्ये लिनिअर औषधानंतर कातडी दगडासारखी घट्ट होण्याचा भयंकर आजार होतो, नंतर २०१४ पासून वारंवार डोस घेतलेल्यांच्या मेंदूत थोडं गॅडोलिनियम साठलेलं दिसायला लागलं, तेही प्रामुख्याने लिनिअरमुळे, आणि २०१७ साली युरोपने शिरेतून द्यायची बरीचशी लिनिअर औषधं थांबवली. त्यामुळे तुमचा प्रश्न बिनबुडाचा नाही. पण तुमच्या बाबतीत उत्तर सोपं आहे: क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या, ते नॉर्मल आहे आणि प्रेग्नन्सी नाही हे पक्कं असलं तर मॅक्रोसायक्लिक औषधाचा एक नेहमीचा डोस, किलोला ०.१ मिलिमोल, घ्यायला काही हरकत नाही. सेंटरला फोन करून सरळ विचारा की तुमच्याकडे कुठलं औषध देतात, नाव सांगतील, तुम्ही त्याचं स्ट्रक्चर स्वतः काढून बघू शकता, असा पेशंट त्यांना रोज मिळत नाही. आधी कधी कॉन्ट्रास्टची अॅलर्जी आली असेल, दमा असेल तर ते आधी सांगा.

पण मी एक पाऊल आधी थांबवतो तुम्हाला. पीव्हीएनएसच्या निदानाला गॅडोलिनियम लागतंच असं नाही. या गाठीची खरी ओळख दुसऱ्याच धातूमुळे होते, लोखंडामुळे. आत सारखं रक्त झिरपतं, रक्तातलं लोखंड हिमोसिडेरिन बनून त्या झालरीत साठतं, म्हणून पाणी तपकिरी, म्हणून उघडल्यावर ते अस्तर चिंचेच्या कोळासारखं, गंजलेलं दिसतं, आणि एमआरआयमध्ये ते लोखंड चित्र काळं करतं. त्यासाठी ग्रेडियंट एको, थोडक्यात जीआरई, नावाचा सीक्वेन्स असतो, त्यात तो काळेपणा फुगून दिसतो, त्याला रेडिओलॉजिस्ट ब्लूमिंग म्हणतात. पुष्कळदा गुडघ्याचा एमआरआय लिगामेंट बघायच्या नेहमीच्या पद्धतीने केलेला असतो आणि हा सीक्वेन्स घेतलेलाच नसतो. तुमची सीडी घेऊन रेडिओलॉजिस्टला विचारा, जीआरई आहे का. नसेल तर कॉन्ट्रास्टच्या आधी तो करा, पाच मिनिटांचं काम आहे, त्यात ब्लूमिंग ठळक दिसलं तर निदान नव्वद टक्के झालंच. कॉन्ट्रास्ट कधी कामाचं, तर टीबीची नाहीतर पू होण्याची शंका असेल, नाहीतर आधी ऑपरेशन झालेल्या गुडघ्यात जुना व्रण कुठला आणि परत आलेली गाठ कुठली हे वेगळं करायचं असेल. तुमच्या रिपोर्टवर टीबीचं प्रश्नचिन्ह आहे म्हणून त्यांनी मागितलं, ते चूक नाही.

आता टीबी. यावर मला तळमळीने लिहायचंय. आपल्याकडे तरुण माणसाचा एक गुडघा महिनोन्महिने सुजलेला दिसला, एमआरआयमध्ये अस्तर जाड दिसलं, की पुष्कळ ठिकाणी तुकडा न काढताच एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, चालू करतात. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक तरुण आला होता, शेती करणारा, नऊ महिने टीबीच्या गोळ्या खाल्लेल्या, वजन उतरलेलं, डोळे पिवळे होऊन गेलेले, आणि गुडघा होता तसाच, उलट मांडी बारीक झालेली कारण पाय वापरलाच नव्हता. कुठे चालू केल्या हे महत्त्वाचं नाही, ज्याने केल्या त्याने चांगल्या हेतूनेच केल्या असतील. पण आम्ही दुर्बीण घातली आणि आत सगळा तो चिंचेचा कोळ. तुकड्यात टीबीचं काहीही नाही, पीव्हीएनएस. नऊ महिने गेले, आणि तेवढ्या काळात मागच्या बाजूने हाडाला खड्डा पडला होता. उलटंही होतं, पीव्हीएनएस समजून अस्तर काढलं आणि निघाला टीबी. म्हणून माझा हट्ट असा की एमआरआय कितीही स्पष्ट असो, काढलेला तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीलाही गेला पाहिजे आणि टीबीच्या कल्चरला आणि जीन एक्सपर्टलाही गेला पाहिजे, दोन वेगळ्या डब्यांत, कारण एक फॉर्मलिनमध्ये जातो आणि दुसरा फॉर्मलिनमध्ये टाकला की कल्चर मेलंच. हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनला विचारा, लाजू नका. आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या, पीटी आणि एपीटीटी, त्याही करून घ्या, कारण वारंवार गुडघ्यात रक्त येण्याचं कारण रक्ताचाच दोष असू शकतो, मुलांमध्ये हिमोफिलिया तर अगदी असाच दिसतो, आणि असा गुडघा तयारीशिवाय कापला तर अनर्थ होतो.

गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर घेऊ नका, या गाठीवर त्याचा टिकाऊ उपयोग नाही.

ऑपरेशन. पीव्हीएनएसचे दोन प्रकार, एका जागी गोळा होऊन बसलेला आणि सगळीकडे पसरलेला. एका जागचा असेल तर सरळ दुर्बिणीने तो गोळा मुळासकट काढला की बहुतेकांचं काम होतं, परत येण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास. तुम्ही रिपोर्टमधलं जे लिहिलंय, पुढच्या बाजूला वाटीच्या वर आणि मागे लवणीतही, ते वाचून हा पसरलेला वाटतोय, आणि त्याचं खरं सांगायचं तर जवळपास निम्म्या लोकांना पाच वर्षांत परत येतो. हे ऐकायला वाईट आहे पण आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे परत आल्यावर डॉक्टरने फसवलं असं वाटत नाही.

परत येण्याचं एक मोठं कारण म्हणजे मागची बाजू. पुढून दुर्बीण घालून गुडघ्याची पुढची खोली स्वच्छ करणं कुठल्याही चांगल्या आर्थ्रोस्कोपी करणाऱ्याला जमतं. पण गुडघ्यामागे जी लवण असते तिथे क्रूशिएट लिगामेंटच्या मागे दोन कप्पे आहेत, तिथे अस्तर असतं, बेकर सिस्ट, म्हणजे गुडघ्यामागची पाण्याची पिशवी, असेल तर त्यातही असतं, आणि त्याला लागूनच पायाची मुख्य रक्तवाहिनी आणि नस. तिथे जायला भीती वाटते म्हणून तो भाग सोडून दिला जातो, आणि पेशंटला सांगितलं जातं सगळं काढलं. मग दीड वर्षाने सूज. म्हणून तुमच्या सर्जनला हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर नीट ऐका: मागचं कसं काढणार. मागच्या बाजूने वेगळी छिद्रं पाडून दुर्बिणीने काढणार, ते पुष्कळ वेळा केलंय, असं म्हणाले तर चांगलं. पुढून दुर्बीण आणि मागून पालथं झोपवून उघडून काढणार, असं म्हणाले तरी चांगलं, मी स्वतः मागे मोठा गोळा असेल तर उघडूनच काढतो, कारण रक्तवाहिनी डोळ्यांनी बघून बाजूला धरलेली मला जास्त सुरक्षित वाटते. मागचं बघू मग, असं म्हणाले तर दुसरं मत घ्या. दुर्बीण चांगली की उघडून चांगलं हा वाद कॉन्फरन्समध्ये चालू द्या, तुमच्यासाठी सगळं निघतंय का हे महत्त्वाचं. पहिलंच ऑपरेशन पूर्ण झालं पाहिजे, दुसऱ्या वेळी सगळे थर चिकटलेले असतात आणि काम दुप्पट अवघड होतं. घाई मात्र नाही, दोनतीन आठवडे घेऊन योग्य माणूस शोधा, पण वर्षभर ढकलू नका.

रेडिएशनच्या इंजेक्शनचं जे ऐकलंत ते खरं आहे आणि त्यात परत तुमचेच नातेवाईक आहेत. इट्रियम-९०, म्हणजे स्वीडनच्या त्या इटरबी गावावरून नाव पडलेल्या चौघांपैकी एक, टर्बियमही त्यातलंच. याचे बारीक कण सांध्यात सोडतात, ते बीटा किरण देतात, साधारण ६४ तासांत निम्मं संपतं, आणि किरण काही मिलिमीटरच आत जातात, त्यामुळे उरलेलं अस्तर जळतं. ल्युटेशियम-१७७ ने हेच करण्यावर आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम झालेलं आहे, हायड्रॉक्सीअॅपटाइटच्या कणांवर बसवून. पण पीव्हीएनएसमध्ये याचा किती फायदा याचे पुरावे कमकुवत आहेत, जाड गोळ्यापर्यंत किरण पोचत नाहीत, आणि कण बाहेर झिरपले तर कातडी जळते. मी हे ऑपरेशनच्या ऐवजी कधीच सांगत नाही. पसरलेला प्रकार, पूर्ण काढूनही परत आलेला, अशाला ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी विचार करतो, आणि सत्तावीस वर्षांच्या मुलीत तर दहादा विचार करून.

गोळ्या. ती सीएसएफ-१ ची हाक आठवतेय ना, तर हाक ऐकणारा कान बंद करायचा, म्हणजे मॅक्रोफेजवरचा रिसेप्टर, ही कल्पना. पेक्सिडार्टिनिब नावाची गोळी २०१९ साली अमेरिकेत मान्य झाली, १२० पेशंटच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांची गाठ बरीच लहान झाली आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत एकाचीही नाही. पण लिव्हरला गंभीर इजा होऊ शकते, युरोपने २०२० साली तिला नकारच दिला. नंतर व्हिमसेल्टिनिब आली, २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने मान्य केली, तिचेही आकडे साधारण तसेच, ४० टक्के विरुद्ध शून्य. आपल्याकडे काही ऑन्कोलॉजिस्ट इमॅटिनिब वापरून बघतात, ती ब्लड कॅन्सरची जुनी गोळी, तिचा परिणाम यापेक्षा सौम्य. या सगळ्या गोळ्या ज्यांचं ऑपरेशन केल्याने फायदा होण्यापेक्षा पाय जास्त बिघडेल अशांसाठी आहेत. तुमचं पहिलंच ऑपरेशन व्हायचंय, तुम्ही त्या रांगेत नाही. आणि ऐकून बरं वाटेल, अशी किनेज, म्हणजे त्या रिसेप्टरच्या जातीची प्रोटीनं, अडवणारी औषधं शोधताना हजारो रेणूंमधून कुठला काम करतो हे चाळायला ज्या टेस्ट वापरतात त्यात युरोपियमचे नाहीतर टर्बियमचे लेबल फार चालतात, परत तेच कारण, मिलिसेकंदाची चमक.

ऑपरेशननंतरचं थोडं सांगून थांबतो. अस्तर काढलेला गुडघा कडक व्हायला बघतो, मागून उघडलं असेल तर जास्तच, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून वाकवायला सुरुवात, दुखलं तरी, दुखण्याच्या गोळ्या घेऊन. तीन आठवड्यांत नव्वद अंश वाकला पाहिजे, नाही वाकला तर फिजिओथेरपिस्टवर सोडून देऊ नका, सर्जनला दाखवा. मांडी घालून बसायची घाई नको, ते तीनचार महिन्यांनी आपोआप येतं. मांडीचा पुढचा स्नायू आत्तापासून बळकट करा, ऑपरेशनच्या आधीच, खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा सेकंद धरायचा, दिवसातून शंभर वेळा. हुडसमोर उभं राहायचं काम सहा आठवड्यांनी सुरू करता येईल, तोवर गाइडकडून स्पेक्ट्राचं आणि लिखाणाचं काम मागून घ्या. पहिला एमआरआय सहा महिन्यांनी, त्यात जीआरई सीक्वेन्स आठवणीने मागायचा, नंतर दर वर्षी एकदा, निदान पाच वर्षं, गुडघा कितीही छान वाटत असला तरी.

सीडीतले जीआरईचे फोटो आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट मिळाला की इथेच लिहा, सर्जनने मागच्या बाजूबद्दल काय सांगितलं तेही लिहा, मी बघतो.